जुन्या जीपला डिस्क ब्रेक : किट बसवल्यानंतर उरलेलं काम

जुन्या महिंद्रा जीपला पुढे डिस्क लावून घेणं नाशिकमध्ये नवलाचं राहिलेलं नाही. बोलेरो इथल्याच कारखान्यात बनत आली, त्यामुळे डिस्क, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), पॅड, होज (रबरी ब्रेक नळी) यांची ददात नाही. कॅलिपरचा ब्रॅकेट अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये हवा तसा कापून मिळतो. चार नट आवळले, चाकं चढवली की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. मग आठ दिवसांत तक्रार सुरू होते, "डिस्क लावली तरी ब्रेक लागत नाही." तक्रार खरी असते, पण दोष डिस्कचा नसतो.

ड्रममध्ये पुढचा शू (ड्रमला आतून घासणारा भाग) चाकाच्या फिरण्याबरोबर आपोआप ड्रमवर ओढला जातो आणि पायाच्या जोराला फुकटची भर मिळते. डिस्कमध्ये ही सोय नाही. पॅडवर जेवढा दाब, तेवढाच ब्रेक. शिवाय कॅलिपरचा पिस्टन ड्रममधल्या व्हील सिलिंडरच्या मानाने बराच मोठा असतो, म्हणजे त्याला तेलही जास्त लागतं. पेडलच्या जोराने तेल ढकलणारा जुना मास्टर सिलिंडर तसाच ठेवून पुढे डिस्क लावली की पेडल खोल जातं आणि ब्रेक मात्र जेमतेम लागतो.

म्हणून आधी मास्टर. जुन्या जीपचा मास्टर एकाच सर्किटचा असतो. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो, आणि कसारा घाटात हे परवडणारं नाही. दोन सर्किटचा टँडम मास्टर घ्यायचाच, यात काटकसर नको. पाऊण इंची (१९ मिमी) बोअरच्या, म्हणजे आतल्या व्यासाच्या, जागी सात-अष्टमांश इंची (२२.२ मिमी) बोअर घेतला तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ३६ टक्क्यांनी वाढतं. तेल जास्त ढकललं जातं आणि पेडल वर राहतं, पण तेवढ्याच दाबासाठी पायाचा जोरही ३६ टक्के जास्त लागतो. पायाच्या जोराला मदत करणाऱ्या बूस्टरची गरज इथून सुरू होते. "बूस्टर नको, मोठा मास्टर बसव," असं कुणी सांगत असेल तर तो उलटं सांगतोय.

बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो. जुन्या जीपचं हरिकेन पेट्रोल इंजिन असेल तर मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळतो. इंजिन थकलेलं असेल तर तो कमी पडतो, म्हणून आयडलवर गेज लावून बघावं, ४५० ते ५०० मिमी पारा तरी दिसायला हवा. डिझेलच्या हवेच्या वाटेत थ्रॉटल नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमधून काही मिळत नाही. तिथे अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असलेलाच सेट लागतो. पंपाला इंजिन ऑइलची ये-जा करणारे दोन पाइप असतात, ते नीट बसले नाहीत तर पंप लवकर खलास होतो. नळी जाड भिंतीची व्हॅक्यूम होजच हवी. साधी नळी गरम झाली की आत चिकटते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवरचा बाण इंजिनाकडे किंवा पंपाकडे असावा.

बूस्टर बसवल्यावर तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, ते कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर चालतोय. अजिबात हललं नाही तर व्हॅक्यूम पोहोचत नाही किंवा बूस्टर गेलाय.

आता किटबरोबर कुणी सांगत नाही ती गोष्ट. जुन्या जीपचा मास्टर फ्लोअरखाली असतो, म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली. पाय काढला की कॅलिपरमधलं तेल हळूहळू मास्टरकडे उतरतं, पिस्टन मागे सरकतो आणि पुढच्या वेळी पहिलं पेडल रिकामं जातं. दुसऱ्यांदा मारल्यावर ब्रेक लागतो. लोक एअर काढत बसतात, पण एअर नसतेच. मास्टर खालीच ठेवायचा असेल तर पुढच्या लाइनमध्ये २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) टाकायचा. मास्टर बूस्टरसकट फायरवॉलवर, कॅलिपरपेक्षा उंच बसवला तर याची गरज नाही. मला फायरवॉलचाच मार्ग पटतो. पेडल टांगतं करावं लागतं हे खरं, पण मास्टर चिखलातून सुटतो आणि तेलाची पातळी बॉनेट उघडून दिसते.

याच्या उलट घोटाळाही होतो. ड्रमसाठीच्या जुन्या मास्टरच्या आत चेक व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये १० पीएसआयच्या आसपास दाब धरून ठेवतो. ड्रममध्ये शूच्या स्प्रिंगा जोरकस असतात, म्हणून तिथे चालतं. असा मास्टर डिस्कला जोडला तर पॅड कायम घासत राहतात, डिस्क तापते आणि ॲव्हरेज पडतो. डिस्क-ड्रम जोडीच्या गाडीचाच मास्टर घेतला की हा प्रश्न मिटतो.

पुश रॉडच्या गॅपकडे फार कमी लोक बघतात. बूस्टरचा किंवा पेडलचा रॉड आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात एखादा मिलिमीटर मोकळीक हवी. रॉड लांब राहिला तर पाय काढल्यावरही पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि रिझर्व्हायरकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं. तेल तापून फुगतं, त्याला परतीची वाट नसते आणि ब्रेक हळूहळू स्वतःच लागत जातो. गाडी घरून निघते छान, गंगापूर रोडवरून गिरणाऱ्यापर्यंत जाईतो जड होते, आणि तासभर उभी केली की पुन्हा मोकळी. जाम झालेल्या अवस्थेतच मास्टरचे बूस्टरवरचे दोन नट दोन-तीन आटे सैल करा. चाकं सुटली तर रॉड लांब आहे. सुटली नाहीत, पण कॅलिपरचं निपल (एअर काढायचा स्क्रू) उघडल्यावर सुटली, तर होज आतून बुजलाय. दोन्हीने फरक पडला नाही तर कॅलिपरचा पिस्टन किंवा स्लाइड पिन गंजलीय.

ब्रॅकेटविषयी थोडक्यात. फोर बाय फोर जीपला तो नकलवर (स्टेअरिंगबरोबर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागावर), स्पिंडलच्या सहा बोल्टांच्या जागी बसतो. पट्टी १० ते १२ मिमीची असावी, भोकं मशीनवर पाडलेली असावीत आणि नकलवर वेल्डिंग अजिबात करू नये. बोल्ट १०.९ ग्रेडचे. फिनिशिंगच्या हौसेपायी हे बोल्ट झिंक प्लेटिंगला टाकू नका. प्लेटिंगमध्ये हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि नंतर भट्टीत भाजले नाहीत तर आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी बोल्ट काचेसारखा तुटू शकतो. क्लॅम्प, ब्रॅकेटची पट्टी प्लेटिंगला खुशाल द्या, स्प्रिंगा मात्र बोल्टांसारख्याच लांब ठेवा. बोल्ट नवे घ्या.

डिस्क चढवण्याआधी हबचा चेहरा वायर ब्रशने उघडा होईपर्यंत घासायचा. हबवर गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्कच्या कडेला तो वाढून दिसतो. डायल गेजने रनआउट (फिरताना डिस्कची डगमग) ०.१ मिमीच्या आत आला पाहिजे. व्हील बेअरिंग आधी ॲडजस्ट करा, नाहीतर गेज बेअरिंगचा खेळच मोजेल. कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर यावा, फरक असेल तर शिम टाकून काढावा. निपल वरच्या टोकाला आलं पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे बसवला की निपल खाली जातं, वर हवा अडकते आणि दोन लिटर तेल ओतलं तरी पेडल स्पंजी राहतं. शेवटी रिम चढवून हाताने फिरवून बघा, कॅलिपर आणि रिममध्ये निदान ३ मिमी जागा हवी.

पाइपच्या कामात नाशिकच काय, सगळीकडेच एक जुगाड चालतो. जुन्या जीपचे फिटिंग ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांचे असतात. नव्या कॅलिपर-मास्टरचे बहुतेक १० मिमी, १ मिमी पिचचे. दोन्ही नट हातात घेतले तर सारखेच वाटतात. १० मिमीचा नट ३/८ च्या भोकात शिरत नाही, त्यामुळे तिथे चूक लगेच कळते. पण ३/८ चा नट १० मिमीच्या भोकात ढिला जातो, चार आटे धरल्यासारखा वाटतो आणि जोरात ब्रेक मारल्यावर आट्यांसकट बाहेर येतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून हे झाकणारे मिस्त्री आहेत. ब्रेकचं सील आट्यांवर होतच नाही, ते फ्लेअरवर होतं. टेप दिसली की तो जोड उघडून बघायचाच. फ्लेअरही दोन प्रकारचे, जुना ४५ अंशांचा डबल फ्लेअर आणि नवा बबल फ्लेअर. एकाच्या सीटवर दुसरा बसत नाही, तेल झिरपतं. साधा सिंगल फ्लेअर तर ब्रेकला चालतच नाही.

पाइप ३/१६ इंची स्टीलचा किंवा तांबं-निकेल मिश्रणाचा. एसीवाल्याकडची तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून वापरतात. ती कंपनाने कडक होत जाते आणि फ्लेअरच्या मानेशी तडकते. दर ३० सेंटिमीटरला रबर लावलेली क्लिप, सायलेन्सरपासून लांब. होजची लांबी गाडी जॅकवर घेऊन, चाक पूर्ण लटकवून आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून ठरवायची.

मागचे ड्रम राहू द्या, पण ते नवे करा. ड्रम लेथवर लावला तर मूळ व्यासापेक्षा १.५ मिमीपेक्षा जास्त काढू नये. शू चाक अडेपर्यंत बाहेर घ्यायचे, मग चाक मोकळं फिरेपर्यंतच मागे सोडायचे. मागचे शू ढिले असले की पेडल खाली जातं, आणि दोष पुढच्या नव्या डिस्कला लागतो. जीपचा व्हीलबेस जेमतेम दोन मीटरचा, रिकाम्या गाडीत मागे वजन नाही. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी जागेवर फिरते. म्हणून मागच्या लाइनमध्ये तिथला दाब कमी करणारा ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाका आणि मोकळ्या, ओल्या जागेवर कमी वेगात पुढची चाकं आधी धरतील असा तो लावून घ्या. प्रोपेलर शाफ्टवरचा जुना हँडब्रेक फक्त उभ्या गाडीसाठी. चालत्या गाडीत ओढला तर क्रॉस आणि शाफ्टवर झटका बसतो.

तेल डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डबा. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश, ओल धरल्यावर १५५. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरणाऱ्या गाडीचं तेल दोन वर्षांत बदला, आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. एअर काढताना आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडलेलं. "दाब" म्हटलं की निपल उघडायचं, बंद केल्यावरच "सोड" म्हणायचं. जुना मास्टर असेल तर पेडल तळापर्यंत मारू नका, आतल्या गंजलेल्या भागावर सील फाटतं.

पॅड बसायला वेळ द्या. त्र्यंबक रोडवर पहाटे, मागे गाडी नसताना, ५०-६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, आणि मध्ये दोन-तीन मिनिटं ब्रेकला हात न लावता चालवा. तापलेल्या डिस्कवर गाडी दाबून उभी केली तर पॅडचा डाग डिस्कवर उमटतो आणि पेडल थरथरायला लागतं. नांदुरीहून सप्तशृंगी गड चढून उतरायचं ते यानंतर, आणि उतरताना सेकंड गिअरमध्येच.

रंग कॅलिपरला उष्णता सोसणारा लावा, पण डिस्कच्या चेहऱ्यावर, ब्रॅकेटच्या बसण्याच्या जागेवर आणि स्लाइड पिनवर तो नको. साधारण ५०० किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, पाइपचा प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून बघा आणि दोन्ही बाजूंच्या पॅडची जाडी मोजा. एकाच कॅलिपरमधले दोन पॅड कमी-जास्त झिजलेले दिसले तर स्लाइड पिन अडकतेय, ती काढून साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. पासिंगला पेठ रोडवरच्या आरटीओत न्यायच्या आधी एवढं झालेलं असावं.