शेवटचा सवाल

लिलावातल्या बोलीला जुनी माणसं ‘सवाल’ म्हणत. शब्द मोठा नेमका आहे. परवा एका जुन्या गाडीसाठी ऑनलाइन लिलावात उतरलो, तेव्हा पहिला सवाल गाडीवर पडलाच नाही, माझ्यावरच पडला : ‘तुमची कमाल बोली किती?’

कोण किती बोलतंय ते न बघता आपण कुठवर जाऊ ते आधीच सांगून टाकायचं, पुढचं यंत्र बघून घेतं. आकडे हिशोबाला सोपे घेतो. बोली 60 वर होती, एका वेळची वाढ 2 ची. मी कमाल म्हणून 100 टाकले. पडद्यावर मात्र 62 च उमटले. 100 यंत्राने पोटात ठेवले. कुणी 70 म्हणालं की त्याच क्षणी माझ्या नावावर 72. कुणी 80, की 82. मी तोवर कपड्यांच्या घड्या घालत होतो. इतका इमानी आणि इतका घुम्या मुनीम कुणाला मिळाला नसेल. मालकाच्या तिजोरीत किती आहे ते कुणाला कळू देत नाही आणि गरजेपेक्षा एक पायरीही जास्त चढत नाही.

गंमत म्हणजे जिंकणाऱ्याने किती मोजायचे ते ठरवतो हरणारा. त्याचा कमाल आकडा, वर फार तर एक पायरी. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने 1961 मध्ये बंद पाकिटातल्या अशाच लिलावाचं गणित मांडलं होतं : सर्वांत मोठी बोली जिंकते, पण पैसे पडतात दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके. मग आकडा चोरून ठेवण्यात फायदाच उरत नाही, मनातला खरा आकडा लिहावा. 1996 मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी ते गेले.

मनातला खरा आकडा! घोडं तिथेच अडतं. शेवटची चार मिनिटं उरली असताना पडद्यावर 102 आले आणि खाली लाल अक्षरांत, तुमच्यापेक्षा मोठी बोली आली आहे. म्हणजे अवघ्या दोनाने हुकलं? दोनासाठी गाडी सोडायची? मी 110 केले. पापणी लवायच्या आत 112. इतक्या झटकन कुणी माणूस आकडा टाइप करत नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पलीकडेही एक मुनीम बसला होता. त्याच्या पोटात 130 असतील, 150 असतील. हरणाऱ्याला मात्र कायम एकच पायरी दिसते, वरचा जिना अंधारात असतो. मी 120 केले. 122.

“तुझा शेवटचा आकडा 100 होता ना?” बायको म्हणाली.

“तो मघाचा शेवटचा.”

बऱ्याच ठिकाणी अखेरच्या मिनिटात बोली आली की मुदत आपोआप थोडी वाढते. ऐन शेवटच्या सेकंदाला बोली टाकून डाव साधणाऱ्यांवर हा उतारा. चांगलाच आहे, पण माझ्यासारख्याला बिघडायला तेवढाच आणखी वेळ मिळतो.

तसा तो 100 काही हवेतून आलेला नव्हता. लिलावाचं शुल्क, गाडी घरी आणण्याचा खर्च, टायर, बॅटरी, शिवाय न दिसलेल्या दुखण्यांसाठी थोडे राखून, असा उलटा हिशोब कागदावर मांडला होता. गाडी ‘आहे त्या स्थितीत’ घ्यायची असते. फोटोत इंजिनाची घरघर ऐकू येत नाही की सीटचा कुबट वास येत नाही. मी 120 चं बटण दाबलं तेव्हा त्या कागदावरचा एकही खर्च कमी झाला नव्हता. गाडी गेली, हे बरंच झालं.

पुढच्या आठवड्यात दुसरी एक गाडी पाहिली. पुन्हा हिशोब, पुन्हा 100. या वेळी आकडा टाकला, लॅपटॉप मिटला आणि झोपलो. सकाळी निरोप आलेला : गाडी तुमची, 74 ला.

क्षणभर फार आनंद झाला. मग वाटलं, म्हणजे दुसऱ्या कुणालाच ती 72 च्या वर नको होती. का नको होती? मी फोटो पुन्हा उघडले, एकेक करून मोठे केले. मागच्या डाव्या दाराचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा जरा उजळ वाटला. उन्हामुळे असेल.