लोणारच्या काठावर कललेला कातळ

दख्खनच्या पठारावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांना आडव्या थरांची सवय असते. लाव्हाचे प्रवाह एकावर एक, मैलोन्मैल जवळपास सपाट. त्यामुळे लोणारच्या विवराच्या काठावर विद्यार्थ्यांनी क्लायनोमीटर (थरांचा कल मोजायचं साधन) टेकवला आणि नती, म्हणजे थराचा उतार, दहा अंशांच्या पुढे गेली, तेव्हा त्यांनी ती पुन्हा मोजली. मग काठाने पुढे जात मोजतच राहिले. जिथे पाहावं तिथे थर विवराकडे पाठ करून बाहेरच्या बाजूला कललेले. अवकाशातून आदळलेल्या पाषाणाने हे विवर झालं, असं मी सांगितलं.

"पण मॅडम, ज्वालामुखीच फुटला असेल की! सगळा खडक ज्वालामुखीचाच तर आहे." एका मुलीने विचारलं. मला फार आनंद झाला. भल्याभल्या भूवैज्ञानिकांनी वर्षानुवर्षं हेच म्हटलं होतं, आणि नुसत्या कललेल्या थरांनी त्यांना खोडून काढता येत नाही.

संध्याकाळी मुक्कामी सूक्ष्मदर्शक मांडला. विभागाच्या जुन्या संग्रहातले दगडाचे दोन छेद, म्हणजे पातळ काप, सोबत नेले होते, ०.०३ मिलिमीटर जाडीचे. (लोणारचे दगड उचलून आणू नयेत, असं मी प्रत्येक तुकडीला बजावते.) पहिला साध्या बेसॉल्टचा, म्हणजे इथल्या लाव्हाच्या खडकाचा. त्यातल्या प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या पट्ट्या दोन ध्रुवकांमध्ये (प्रकाश एकाच दिशेत कंप पावेल असा गाळणाऱ्या पट्टिकांमध्ये) धरून सूक्ष्मदर्शकाचा मंच फिरवला की उजळतात, विझतात, पुन्हा उजळतात. दुसरा विवराजवळच्या ब्रेशियातला, म्हणजे फुटक्या तुकड्यांच्या खडकातला. साध्या प्रकाशात पट्ट्या तशाच, कडा रेखीव. मग वरचा ध्रुवक आत सरकवला. पट्ट्या काळ्या. मंच पूर्ण फिरवला तरी काळ्याच. स्फटिक असा उजळतो-विझतो, काच मात्र काळीच राहते.

ती मुलगी बराच वेळ मंच फिरवत होती. "वितळलंय का हे?" वितळून वाहिलं असतं तर पट्टीचा आकार उरला नसता. इथे आकार शाबूत आहे, आतली अणूंची रचना मात्र क्षणात कोसळून काच झाली आहे. त्याला वातावरणाच्या काही लाख पट दाबाचा तडाखा लागतो. ज्वालामुखीच्या स्फोटात तेवढा दाब निर्माण होत नाही. अवकाशातून वेगाने आलेला पाषाण आदळला तरच होतो. या काचेचं नाव मॅस्केलिनाइट. १८६५ साली बिहारमध्ये शेरघाटीला पडलेल्या उल्केत ती प्रथम ओळखली गेली, आणि ती उल्का मंगळावरून आलेली होती हे पुढे कळलं. लोणारच्या तळाखाली वेधन करून (खोल भोक पाडून) काढलेल्या ब्रेशियात हीच काच सापडली, तेव्हा १९७३ मध्ये बेसॉल्टमधलं आघातविवर म्हणून लोणारची बाजू भक्कम झाली. चंद्राच्या पृष्ठभागावर बेसॉल्ट मुबलक आहे. तिथली विवरं समजून घ्यायला लोणारसारखी जागा पृथ्वीवर क्वचितच मिळते.

मग वयाचा प्रश्न निघाला. कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, विवर त्याहून कितीतरी तरुण. पण किती? तापदीप्ती पद्धतीने (तापवल्यावर नमुना किती प्रकाश देतो त्यावरून) सुमारे ५२ हजार वर्षं येतात, आर्गॉन पद्धतीने (त्यात साठलेल्या आर्गॉन वायूवरून) सुमारे ५ लाख ७० हजार. मुलांचे दोन गट पडले. मी आर्गॉनच्या बाजूची. जुन्या बेसॉल्टमधून वितळकाचेत (आघातात वितळून झालेल्या काचेत) शिरलेला आर्गॉन वय फुगवतो, पण तो हिशेबात धरूनच हा आकडा काढला आहे. त्या मुलीला हे पटलं नाही. काठाबाहेर फेकला गेलेला राडारोडा इतक्या पावसाळ्यांनंतरही टिकला कसा, हे आधी सांगा, असं तिचं म्हणणं. वाद जेवणाच्या ताटावरही चालूच होता.