सौभद्राची तालीम : काळी एक आणि काळी चार

गेल्या वर्षी बेळगावच्या शहापुरातील आमच्या हौशी मंडळींनी ‘संगीत सौभद्र’ बसवले. यंदा तेच नाटक पुन्हा उभे राहत आहे, निम्मी पात्रे नवी आहेत आणि पहिले दोन अंक बसत आले आहेत. ऑर्गनवर मीच असल्यामुळे गेल्या वेळचा अनुभव संगीत नाटक बसवणाऱ्या इतर मंडळींसाठी तपशिलाने लिहून ठेवतो.

सौभद्रच का, असे अनेकांनी विचारले. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ साली आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. त्यामुळे १८८२ मध्ये रंगभूमीवर आलेले हे नाटक आम्हाला घरचे वाटते. शिवाय कथा शुद्ध कौटुंबिक आहे. थोरला भाऊ बहिणीचे लग्न दुर्योधनाशी ठरवतो आणि धाकटा भाऊ ते अर्जुनाशी व्हावे म्हणून डाव रचतो. ही ओढाताण घरातल्या आजीला कळते आणि नातवालाही कळते, म्हणून तिन्ही पिढ्यांतली माणसे तालमीला बसली. मूळ नाटकातली पदे शंभराहून अधिक आहेत. तीन तासांत बसावे म्हणून आम्ही बावीसच ठेवली. निवडताना एकच कसोटी लावली : पद काढले तर पुढचा संवाद लंगडा पडतो का? पडत असेल तर ते पद राहिले, मग ते गायला कितीही कठीण असो.

खरी परीक्षा कृष्ण-रुक्मिणीच्या प्रवेशात झाली. आमचा कृष्ण काळी एकमध्ये गातो, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी हा त्याचा ‘सा’, आणि रुक्मिणी झालेल्या वहिनींचा सूर काळी चार आहे. त्याचे पद संपले की मी ऑर्गन थांबवत असे आणि वहिनी नव्याने सूर घेत. तेवढ्या दोन-तीन क्षणांत प्रवेशातला रुसवा विरून जाई. आठवडाभर हेच चालले. एका रात्री कृष्णाचे पद संपताच मी षड्ज (सा) सोडला आणि केवळ पंचम (प) हलकेच धरून ठेवला. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. वहिनी त्या स्वरावर आपले संवाद बोलत गेल्या, शेवटचे वाक्य आपोआप सुरात आले आणि पद सुरू झाले, तेव्हा ते कुठून सुरू झाले हे समोर बसलेल्या आम्हां कोणालाही कळले नाही. त्यानंतर सबंध नाटकात जिथे जिथे पुरुषाच्या पदापाठोपाठ स्त्रीचे पद येते तिथे मी हाच मार्ग धरला. दोघांचे सूर नेमके असेच जुळणारे असतील तर तो अवश्य करून पाहावा. नसतील तर दोघांनाही चालेल असा एखादा समान स्वर शोधावा आणि संवाद त्यावर तोलावा.

उच्चारांवर आम्ही जितका वेळ दिला तितका तानांवरही दिला नाही, आणि तेच योग्य होते असे माझे मत आहे. कृष्णाच्या घरी कानडी बोलतात. ‘नच सुंदरी’ म्हणताना त्याचा ‘च’ ‘चिवडा’तल्या ‘च’सारखा येई, तर मराठी कानाला तिथे ‘चमचा’तला ‘च’ हवा असतो. दिग्दर्शन करणाऱ्या आक्कांनी टोकल्यावर तो कळवळून म्हणाला, ‘‘आक्का, मी तसंच म्हणूलोय की!’’ त्याला फरक ऐकूच येत नव्हता. मग आक्कांनी त्याला गाणे बंद ठेवायला सांगून चार दिवस ‘नच’ एवढाच शब्द बोलायला लावला, जीभ दातांमागे टेकवून. पाचव्या दिवशी तो शब्द पदात बसला आणि पद एकदम त्याचे झाले.

पावसाळ्याचा त्रास मात्र आपल्याकडे धरूनच चालावा लागतो. ओल लागून ऑर्गनच्या दोन पट्ट्या फुगल्या आणि दाबल्या की वर येईनात. रात्री आत छोटा दिवा लावून ठेवला, तेव्हा तिसऱ्या दिवशी त्या मोकळ्या झाल्या. यंदा जूनपासूनच दिवा लावला आहे.

यंदाची सुभद्रा काळी पाचमध्ये गाते आणि अर्जुन काळी दोनमध्ये. काळी दोनचा पंचम काळी पाच, म्हणजे वाट तयार आहे. रविवारी तिसरा अंक उभा करणार आहोत.