लोहारकामात पदव्युत्तर पदवी

इलिनॉयच्या दक्षिण टोकाला आमचं हे छोटंसं कार्बनडेल. इथल्या सदर्न इलिनॉय विद्यापीठात लोहारकामात एम.एफ.ए., म्हणजे कलेतली पदव्युत्तर पदवी, करता येते, हे मी फोनवर सांगितलं तर आईला खरंच वाटेना. "लोहारकाम म्हणजे आपलं ऐरण, घण, सांडशी तेच?" हो, तेच.

याचं श्रेय ब्रेंट किंग्टन यांना. जन्म १९३४, कॅन्ससचे. मिशिगनच्या क्रॅनब्रुक कला अकादमीत शिकून १९६१ साली इथे धातुकामाचे प्राध्यापक म्हणून आले. हात बसलेला चांदीवर. खेळण्यांसारख्या गमतीदार वस्तू घडवायचे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली जुनी चिलखतं आणि शस्त्रं पाहिली आणि लोखंडाने मनात घर केलं.

पण शिकणार कुणाकडे? अमेरिकेतले गावोगावचे लोहार तोवर जवळजवळ संपले होते. शिवाय चांदीची सवय इथे कामी येत नाही. चांदी थंडच ठोकतात. ठोकून ताठ झाली की तापवून नरम करायची, पुन्हा ठोकायची. लोखंड तापलेलं असतानाच ठोकावं लागतं, ते थांबत नाही. मध्यंतरी एका विद्यार्थिनीचं काम अगदी जवळून पाहिलं. सळई भट्टीतून निघाली तेव्हा पिवळीधमक, काही ठोक्यांत नारिंगी, मग लाल. लाली काळवंडली की हात आवरायचा, सळई परत भट्टीत. दर ठोक्याला काळे पापुद्रे सुटून ऐरणीभोवती पडत होते.

किंग्टन यांनी १९७० मध्ये अटलांटाच्या अ‍ॅलेक्स बीलर यांना कार्यशाळेसाठी बोलावलं. बीलर पेशाने जाहिरात क्षेत्रातले, पण जुन्या लोहारांची विद्या त्यांनी जपलेली. प्राध्यापकाने अशा माणसासमोर विद्यार्थ्यांबरोबर शिकायला उभं राहावं, हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडे पुण्याच्या तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या मठारकाम, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांवर ठोके देऊन घडाई, करणाऱ्याला कलामहाविद्यालयात शिकवायला नेमायचं म्हटलं, तर आधी पदवीचा कागद मागतील. मला हे मनापासून खटकतं.

पुढे १९७३ मध्ये अमेरिकेतल्या लोहारांची संघटना उभी राहिली, तिच्या सुरुवातीच्या धुरिणांत किंग्टन होते. स्वतः ते लोखंडाचे उंच वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारे फिरते दर्शक, घडवू लागले; एवढं वजन, पण तोल असा साधलेला की हलकं वाटावं. २०१३ मध्ये ते गेले.

इकडे कुणी आलात तर शिकागो बघून परत फिरू नका. रेल्वेने साडेपाच तासांत कार्बनडेल येतं. कळवा, मी स्टेशनवर घ्यायला येते.