परतीचं भाडं

घर बदललं तेव्हा सामान न्यायला आलेला टेम्पो आदल्या दिवशी लासलगावचा कांदा उतरवून आला होता. आमची कपाटं खाली आली, चहा हातात पडला, आणि ड्रायव्हरदादांचे फोन सुरू. "रिकामी गाडी नेली तर डिझेल माझ्या खिशातून, ताई." पुढे दोन महिने गादी झटकली की कांद्याचं साल उडायचं.

तेव्हापासून जुन्या जहाजांविषयी वाचतानाही मी परतीचं भाडं शोधते. उदाहरणार्थ 'ब्रिटानिया'. १७८३ साली इंग्लंडात ब्रिडपोर्टला बांधलेलं, ३०१ टनांचं, लंडनच्या सॅम्युएल एंडर्बी पेढीच्या मालकीचं. (नावावर जाऊ नका. आपल्याकडे दर चौथा टेम्पो 'साईकृपा' असतो, तशी त्या काळी ब्रिटानिया.) मूळ धंदा देवमाशांचा. तो मासा नव्हे, पण मराठीनं एकदा मासा म्हटलं ते म्हटलं. चरबी कापून जहाजावरच कढवायची, तेल पिंपांत भरायचं, लंडनचे दिवे त्यावर जळायचे. भट्टीचं जळण कोणतं? तर तेल निघून गेलेले चरबीचेच तुकडे. काही म्हणजे काही वाया जाऊ द्यायचं नाही!

१७९१ मध्ये या जहाजाला जाण्याचं भाडं सरकारकडून मिळालं: ऑस्ट्रेलियाला पाठवायचे १५० कैदी. सिडनीला उतरले १२९. बाकीचे २१ वाटेतच गेले. कैदी घेऊन निघालेल्या त्याच ताफ्यातली काही जहाजं परतीला आपल्या मुंबईचा कापूस भरायला वळली. ब्रिटानियाच्या थॉमस मेलव्हिल कप्तानाला मात्र किनाऱ्याजवळच स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशांचे कळप दिसले होते. ही गोष्ट गुपित ठेवायचा त्यानं प्रयत्न केला. पण जहाजभर खलाशी, आणि त्यांनीही तेच पाहिलेलं! गुपित कसलं राहतंय? शेवटी गव्हर्नरच्या कानावर घालून त्यानं घाईनं जहाज रिकामं करून घेतलं आणि दहा-बारा दिवसांत ताफ्यातल्याच 'विल्यम अँड ॲन' जहाजाला सोबत घेऊन तो निघाला. दोघांनी मिळून सात देवमासे मारले, पण वादळ उठलं आणि त्यातले बहुतेक हातचे गेले.

मग बरीच वर्षं तेच, तेल आणि समुद्र. १८०६ साली ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या समुद्रातल्या मिडलटन रीफ या प्रवाळखडकावर आपटून जहाज संपलं.

मी अडकते ती १७९८ च्या फेरीत. तेव्हा पुन्हा कैदी भरले, पण या वेळी साऱ्या बायका. जहाज धुतलं असेलच, कोणी तसंच थोडं भरणार? पण तेलानं इतकी वर्षं मुरलेल्या त्या फळ्या. महिनोन् महिने त्यांना टेकून बसलेल्या बायकांच्या लुगड्यांना, म्हणजे त्यांच्या झग्यांना, उतरल्यावर किती दिवस तो वास येत राहिला असेल?