रंगीत स्मार्ट बल्ब घ्यावा, पण त्याचा पांढरा उजेड पारखून

रंग बदलणारे स्मार्ट बल्ब घरासाठी घेण्याजोगे आहेत का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की एखाद-दोन ठिकाणी ते जरूर लावावेत, घरभर लावू नयेत, आणि निवडताना त्यांच्या रंगांपेक्षा त्यांचा पांढरा उजेड आधी पाहावा. खोक्यावर एक कोटी साठ लाख रंगांचा दावा छापलेला असतो. लाल, हिरवा आणि निळा या तीन दिव्यांच्या तेजाच्या प्रत्येकी 256 पायऱ्या धरल्या की त्यांच्या गुणाकारातून हा आकडा येतो. त्यातले बहुसंख्य रंग शेजारीशेजारी ठेवले तरी डोळ्यांना वेगळे ओळखू येत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस जांभळा, गुलाबी, निळा असे सगळे लावून पाहिले जातात आणि नंतर तोच बल्ब वाचताना, जेवताना, घर आवरताना पांढऱ्या किंवा पिवळसर उजेडावर चालू राहतो. साध्या एलईडी बल्बच्या कितीतरी पट किंमत मोजून घेतलेली वस्तू आयुष्याचा मोठा भाग पांढरा प्रकाश देण्यात घालवणार असेल, तर तिची पारख त्याच कामावर व्हायला हवी.

हा पांढरा उजेड दोन रीतींनी तयार होतो आणि त्या दोहोंत फार अंतर आहे. साध्या एलईडी बल्बमध्ये निळ्या एलईडीवर फॉस्फरचा थर असतो; निळ्या प्रकाशाचा काही भाग त्या थरामुळे पिवळ्या-तांबड्या छटांत बदलतो आणि सगळे मिळून पांढरे दिसते. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झाले तिच्यासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी रीत म्हणजे लाल, हिरवा आणि निळा हे तीन दिवे एकदम पेटवणे. भिंतीवर पाहिले तर हाही प्रकाश पांढराच दिसतो, परंतु त्या तीन रंगांच्या मधल्या छटा त्यात फारच थोड्या असतात, त्यामुळे त्याखाली माणसांचे चेहरे, फळे, लाकूड आणि कापड यांचे रंग विचित्र किंवा निस्तेज दिसतात. म्हणून चांगल्या रंगीत बल्बमध्ये तीन रंगांच्या जोडीला उबदार पांढऱ्या आणि थंड पांढऱ्या एलईडी स्वतंत्रपणे बसवलेल्या असतात. खोक्यावर केवळ ‘आरजीबी’ (लाल-हिरवा-निळा) लिहिले असेल आणि पांढऱ्या एलईडींचा उल्लेख कोठेच नसेल, तर तो बल्ब मी घेणार नाही, मग तो कितीही स्वस्त असो.

याच कारणासाठी सीआरआय हा आकडा पाहण्यासारखा आहे. वस्तूंचे रंग प्रकाशात कितपत खरे दिसतात याचे ते माप आहे. 80 चालण्यासारखा, 90 किंवा त्याहून अधिक उत्तम. मात्र हा नेहमीचा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात आणि गडद लाल रंगाची कसोटी त्यात धरलेली नसते. ती ‘आर 9’ या नावाने वेगळी देतात, आणि एखाद्या कंपनीने ती आपणहून छापली असेल तर मला त्या कंपनीविषयी अधिक विश्वास वाटतो. केल्विनचा, म्हणजे उजेडाची छटा किती पिवळसर किंवा थंड आहे हे सांगणाऱ्या आकड्याचा, पल्लाही पाहावा. जुन्या तारेच्या बल्बचा पिवळसर उजेड सुमारे 2700 केल्विनचा आणि दिवसाच्या उजेडासारखा थंड पांढरा 6500 केल्विनच्या आसपासचा असतो. एकाच दिव्याने सकाळी कामाचा लख्ख उजेड द्यावा आणि रात्री तोच निवून पिवळसर व्हावा, ही सोय मला सर्व रंगांहून मोलाची वाटते. ती देणारे, पण रंग न देणारे स्मार्ट बल्बही मिळतात आणि ते बहुधा स्वस्त असतात. अनेक घरांची खरी गरज तेवढ्याने भागते.

रंगांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधी कळायला हवी. खोक्यावरचे 800 ल्युमेन (उजेड किती पडतो याचे माप) हे पांढऱ्या उजेडाचे असतात. आपला डोळा 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, आणि शुद्ध निळ्या किंवा गडद लाल प्रकाशाला फारच कमी. शिवाय त्या वेळी बल्बमधल्या थोड्याच एलईडी पेटलेल्या असतात. त्यामुळे एका बल्बने अख्खी खोली निळ्या उजेडाने भरून जाईल ही अपेक्षा पुरी होत नाही. रंग खुलतो तो टेबलावरच्या दिव्यात किंवा जवळच्या भिंतीवर.

विजेच्या बचतीचा हिशेबही नीट मांडायला हवा, कारण ती बचत एलईडीची आहे, स्मार्टपणाची नव्हे. 60 वॉटच्या तारेच्या बल्बच्या जागी 9 वॉटचा साधा एलईडी लावला की ती पदरात पडतेच. उलट स्मार्ट बल्ब विझलेला असतानाही आज्ञेची वाट पाहत थोडी वीज घेत राहतो. युरोपीय संघाच्या 2021 पासून लागू झालेल्या नियमांत या वापराची मर्यादा 0.5 वॉट आहे. तेवढा वापर धरला आणि 9 वॉटचा बल्ब रोज तीन तास लागतो असे मानले, तर उजेडासाठी 27 वॉट-तास आणि उरलेले 21 तास नुसते वाट पाहण्यासाठी 10.5 वॉट-तास खर्च होतात. एका बल्बचा वर्षाचा आकडा क्षुल्लकच राहतो, पण जेथे दिवा दिवसातून पाच-दहा मिनिटेच लागतो तेथे उजेडापेक्षा प्रतीक्षेवरच अधिक वीज जाते. अडगळीच्या खोलीत स्मार्ट बल्ब लावण्याला मग काही अर्थ उरत नाही.

किंमत आणि वीज यांच्याहून मोठी अडचण भिंतीवरच्या बटणाची आहे. बटण बंद केले की बल्बला वीजच मिळत नाही, आणि मग ॲप, आवाजी आज्ञा, ठरवलेल्या वेळा हे सारे निरुपयोगी ठरते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी, मुलांनी किंवा पाहुण्यांनी वर्षानुवर्षांच्या सवयीने बटण दाबणे यात त्यांची काहीही चूक नाही. दिवा लावण्यासाठी मोबाइल शोधावा लागणे ही सुधारणा आहे असे मी मानत नाही. बल्बसोबत चालणारे, भिंतीवर चिकटवता येणारे वेगळे बटण घेतले तर ही अडचण पुष्कळ कमी होते, म्हणून त्याची किंमत मी बल्बच्या किमतीतच धरतो. वीज जाऊन परत आल्यावर बल्बने काय करावे, ही सेटिंग तर पहिल्याच दिवशी बदलून घ्यावी. ती नसेल किंवा बदलली नसेल तर मध्यरात्री वीज येताच अनेक बल्ब पूर्ण तेजाने लागतात. त्याचबरोबर भिंतीवरच्या जुन्या डिमरला, म्हणजे दिव्याचे तेज कमी-जास्त करणाऱ्या बटणाला, स्मार्ट बल्ब जोडू नये. तो लुकलुकतो, गुणगुणतो आणि लवकर बिघडू शकतो.

एवढे सांगूनही एका उपयोगासाठी मी रंगीत बल्बाच्या बाजूने ठाम उभा राहीन, आणि तो म्हणजे रात्रीचा मंद तांबडा उजेड. शरीराला दिवस-रात्रीची खूण देणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी सुमारे 480 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. तांबड्या प्रकाशाचा त्यांच्यावर फार थोडा परिणाम होतो आणि अंधाराला सरावलेली नजरही त्याने फारशी विस्कटत नाही. रात्री उठावे लागणाऱ्या वृद्ध माणसाला, तान्ह्या बाळाच्या आईला किंवा आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याला असा उजेड किती आधार देतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला रंगीत बल्ब चैनीचा वाटणार नाही. ऐकू कमी येणाऱ्या व्यक्तीसाठी दारावरची घंटा वाजताच दिव्याचा रंग बदलेल अशी जुळणी करता येते, आणि ती तर गरजेचीच वस्तू होय. अशा जागी बल्ब किती मंद होऊ शकतो हे पाहावे. काही बल्ब अगदी कमी तेजावर थरथरतात, आणि ती थरथर मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळ्या पट्ट्यांच्या रूपाने दिसते.

बल्ब कंपनीच्या सर्व्हरविना चालतो का, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. एप्रिल 2022 मध्ये घरातली स्मार्ट उपकरणे बनवणाऱ्या इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर अचानक बंद झाले आणि ग्राहकांचे ॲपवरचे नियंत्रण गेले. पुढे तिच्या काही जुन्या ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेले मॅटर हे मानक घरच्या घरी, इंटरनेटविना नियंत्रण शक्य करते आणि वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र चालवते, म्हणून आज नवा बल्ब घेताना मी मॅटर किंवा झिगबी (घरातल्या उपकरणांना बिनतारी जोडणारे आणखी एक मानक) असलेलाच पाहीन. वाय-फायवरचे बल्ब स्वस्त आणि सोपे असतात, पण ते बहुतांशी 2.4 गिगाहर्ट्‌झवरच चालतात, आणि संख्या वाढली की साध्या राउटरवर ताण येतो.

या सगळ्यावरून मी एकच रंगीत बल्ब घेऊन तो पलंगाशेजारच्या उघड्या शेडच्या दिव्यात लावण्याचा सल्ला देईन. बंदिस्त काचेच्या गोळ्यात उष्णता कोंडून आतल्या इलेक्ट्रॉनिक भागांचे आयुष्य घटते, म्हणून तेथे तो लावू नये. बैठकीच्या खोलीत उबदार ते थंड पांढरा उजेड देणारे स्मार्ट बल्ब पुरेत, आणि स्नानघर, जिना, अडगळ यांना चांगल्या सीआरआयचे साधे एलईडी.