ऑइल बदललं, खिसा शाबूत

आज जळगावात अजिंठा चौफुलीकडच्या एका छोट्या गॅरेजात गाडीचं ऑइल आणि फिल्टर बदलून घेतलं. सर्व्हिस सेंटरने फोनवर इंजिन फ्लश, कोटिंग असं काय काय जोडून जो आकडा सांगितला, त्यात घरचा महिन्याचा किराणा आला असता. वॉरंटी संपलेलीच आहे. म्हणून मॅन्युअलमध्ये ऑइलचा ग्रेड, म्हणजे किती दाट-पातळ हवं ते, बघितला (५डब्ल्यू-३०), सीलबंद कॅन आणि कंपनीचा फिल्टर स्वतः विकत घेतला. मेकॅनिकला फक्त मजुरी.

मेकॅनिक भाऊंनी आधी इंजिन थोडं गरम करायला लावलं. गार ऑइल दाट असतं, नीट निथळत नाही. (मे महिन्यात आपल्याकडे उभी गाडीही तापते, ते वेगळं!) नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल लावलं, मग तो हातानेच आवळला. ड्रेन प्लगचा (जुनं ऑइल काढायच्या बुचाचा) वॉशरही नवा. जुनं ऑइल काळंकुट्ट निघालं, पण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच.

रिकामा कॅन तिथेच कापायला सांगितला, नाहीतर त्यात बनावट ऑइल भरून पुन्हा विकतात. भाऊ हसले, "बरं शे!"

खर्च निम्म्याहून कमी. रविवारी धाकटा भाऊ पारोळ्याहून त्याची गाडी घेऊन येतोय.